भोकाच्या पैशातून दिसणारं युद्ध

(नाशिकमध्ये दिलेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बोलायला सुरुवात करण्याआधी हे नाणं पुढच्या रांगेत देतो. हातोहात मागे जाऊ द्या. फक्त शेवटी मला परत मिळू द्या, कारण एवढं एकच उरलंय. १९४३ सालचा एक पैसा आहे. मधोमध भोक आणि वर मुकुट. ऐंशीच्या पुढचे जे कोणी इथे बसले असतील त्यांनी तो लहानपणी चालवलेला असेल. बाकीच्यांनी आजीच्या डब्यात पाहिला असेल, भोकाचा पैसा म्हणून. हे भोक शोभेसाठी पाडलेलं नाही. युद्धाच्या काळात धातू वाचवायचा होता. आता युद्ध कुठे चाललं होतं? उत्तर आफ्रिकेत, इटलीत, ब्रह्मदेशात. आणि भोक पडलं ते नाशिकच्या बाजारात फिरणाऱ्या पैशाला.

कार्यक्रमपत्रिकेवर ‘नकोशा परकीय युद्धाची देशांतर्गत किंमत’ असं जड शीर्षक छापलंय. त्यात संयोजकांचा दोष नाही, ते मीच दिलं होतं. साध्या भाषेत विषय एवढाच आहे: जे युद्ध लोकांना नको असतं, त्याचे पैसे लोकांकडून काढायचे कसे?

राज्यकर्त्यापुढे वाटा तीनच असतात: कर लावा, कर्ज काढा, नाहीतर नोटा छापा. युद्ध लोकांना पटलेलं असेल तर कर मागता येतो. लोक कुरकुरतात, पण देतात. पटलेलं नसेल तर मागायला तोंडच नसतं. मग उरलेल्या दोन वाटा धरायच्या. त्या वाटांवर पावती मिळत नाही, त्यामुळे आपण युद्धासाठी पैसे मोजतोय हे माणसाला कळत नाही. त्याला वाटतं वाणी लुटतोय.

तिसऱ्या वाटेबद्दल नाशिककरांना मी काय सांगावं? नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. माझे आजोबा तिथे होते. आमच्याकडे ‘छापखाना’ कुणी म्हणत नसे, ‘प्रेस’ म्हणत. आजोबा प्रेसमध्ये आहेत, एवढं सांगितलं की पुरे. बाहेर पडताना रोज झडती व्हायची, हे आजी फार अभिमानाने सांगायची.

३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. कुणालाही न विचारता. हिटलर वाईट आहे याबद्दल नेहरूंच्या मनात काडीचा संशय नव्हता, हे लक्षात घ्या. भांडण युद्धाच्या कारणावरून नव्हतंच, आम्हाला विचारलं का, यावरून होतं. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ गेलं. ज्या देशातलं लोकांनी निवडून दिलेलं सरकारच घरी गेलंय, तिथे युद्धाचा सगळा खर्च करातून कसा वसूल करणार? कर वाढवले, रोखेही काढले, पण भागेना.

मग एक व्यवस्था झाली, आणि अर्थशास्त्राचा मास्तर म्हणून सांगतो, कागदावर ती फार देखणी दिसते. भारताच्या स्वतःच्या संरक्षणाचा खर्च भारताने करायचा. त्यापलीकडे ब्रिटनसाठी जे काही होईल, म्हणजे परदेशातल्या फौजा, त्यांचे कपडे, ताग, धान्य, त्याचे पैसे ब्रिटन देणार. कुठे देणार? लंडनमध्ये, पौंडात, खात्यावर. तो पौंड लगेच वापरायला मिळत नव्हता. पण इथल्या गिरणीवाल्याला, कंत्राटदाराला, शिपायाला रुपये आजच द्यायला हवेत. मग लंडनमधल्या त्या पौंडांच्या तारणावर रिझर्व्ह बँकेने इथे नोटा काढायच्या. युद्धाच्या तोंडावर देशात फिरणाऱ्या नोटा १८० कोटींच्या आसपास होत्या, आणि युद्ध संपेपर्यंत त्या अकराशे कोटींच्या वर गेल्या. म्हणजे सहापट. माल काही सहापट झाला नव्हता, उलट बराचसा बोटीत चढून गेला होता. लंडनच्या खात्यावर शेवटी सुमारे १७०० कोटी रुपयांइतकी रक्कम साठली. गरीब देश साहेबाचा सावकार झाला, पण असा सावकार की ज्याच्या घरी चूल पेटत नाही.

या नोटा छापायचे माझे आजोबा. युद्धाच्या वर्षांत ते उशिरा घरी यायचे, बोटांवर शाई. आणि सकाळी आजी पिशवी घेऊन रेशनच्या रांगेत. ती म्हणायची, “हे दिवसभर पैसे छापतात आणि मला ज्वारी मिळत नाही.” माझ्या पुढच्या तीस वर्षांच्या शिकवण्यात महागाईची याहून चांगली व्याख्या मला सापडली नाही. चांदीच्या रुपयातली चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आली, आणि १९४७ चा रुपया चक्क निकेलचा निघाला. बंगालमध्ये तर १९४३ साली जे झालं त्याची कारणं अनेक, पण युद्धाने चढलेले भाव हे त्यातलं मोठं कारण. तीस लाखांच्या आसपास माणसं गेली. त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल की आपण कुठल्या युद्धात मरतोय?

याच्या शेजारी १९६२ ठेवून बघा. चीनचं आक्रमण झालं, पराभव झाला, पण ते युद्ध आपल्या अंगावर आलेलं होतं. बायकांनी हातातल्या बांगड्या संरक्षण निधीत दिल्या. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत ह्याच नाशिकने त्यांना बिनविरोध लोकसभेत पाठवलं. बिनविरोध, बरं का! आज आपण सोसायटीचा चेअरमन बिनविरोध निवडत नाही. अर्थमंत्री मोरारजीभाईंनी त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात कर तर वाढवलेच, वर सक्तीची बचत योजना आणली. लोक चिडले, ती योजना लवकरच गुंडाळावी लागली. पण मागायची हिंमत सरकारला झाली, कारण देणाऱ्याला कशासाठी ते ठाऊक होतं.

आता अमेरिका, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. १९६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना दोन्ही हातांत लाडू हवे होते. घरात गरिबी हटवायची आणि व्हिएतनाममध्ये हरायचं नाही. २८ जुलैला भर दुपारच्या पत्रकार परिषदेत त्यांनी सांगून टाकलं की तिथली फौज ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेतोय. दोनच दिवसांनी, ३० जुलैला, म्हाताऱ्यांच्या उपचारांसाठीच्या मेडिकेअर कायद्यावर सही केली. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांचे आर्थिक सल्लागार गार्डनर ॲकली सांगत होते, कर वाढवा, नाहीतर महागाई आवरणार नाही. जॉन्सन यांना ते कळत नव्हतं असं मुळीच नाही. पण कर मागायचा तर संसदेत युद्धावर चर्चा होणार, आणि विरोधक म्हणणार, मग आधी ती गरिबांची थेरं बंद करा. म्हणून त्यांनी मागितलाच नाही.

मग अर्थसंकल्पात काय केलं? १९६७ च्या आर्थिक वर्षाचा संरक्षण खर्च मांडताना युद्ध ३० जून १९६७ ला संपेल असं गृहीत धरलं. घरात माणूस आजारी पडावा, डॉक्टरने अजून नीट तपासलेलंही नसावं, आणि आपण औषधाचा खर्च पंधरा तारखेपर्यंतचाच धरावा, तसं. युद्धाचा प्रत्यक्ष खर्च अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला. १९६५ मध्ये दोन टक्क्यांच्या आत असलेली महागाई १९७० पर्यंत सहाच्या जवळ पोचली.

हे सगळं एकाच महिन्यात कसं उघडं पडलं बघा. १९६८ चा मार्च. जानेवारीअखेर टेटच्या, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या सणात दक्षिण व्हिएतनामभर कम्युनिस्टांचे हल्ले झाले होते. हल्लेखोरांची त्यात जबर हानी झाली, पण ‘आपण जिंकत आलो’ हे सरकारचं म्हणणं टीव्हीवर लोकांच्या डोळ्यांदेखत कोसळलं. १२ मार्चला न्यू हॅम्पशायरच्या पक्षांतर्गत निवडणुकीत युद्धविरोधी यूजीन मॅकार्थी यांना ४२ टक्के मतं मिळाली, राष्ट्राध्यक्षांना ४९. तीन दिवसांनी, १५ मार्चला, लंडनचा सोन्याचा बाजार अमेरिकेच्या विनंतीवरून बंद ठेवावा लागला, कारण जग डॉलर देऊन सोनं उचलत सुटलं होतं. ३५ डॉलरला एक औंस सोनं, हा शब्द अमेरिका पाळेल यावर कुणाचा भरवसा उरला नव्हता. १६ तारखेला जॉन्सन यांच्याच पक्षाचे रॉबर्ट केनेडी त्यांच्याविरुद्ध रिंगणात उतरले. ३१ तारखेला जॉन्सन यांनी भाषणाच्या शेवटी सांगितलं, मी उमेदवार नाही. मतदार आणि सराफ, दोघांनी एकाच पंधरवड्यात तेच सांगितलं. जॉन्सन यांनी उशिरा मागितलेला दहा टक्के अधिभार, म्हणजे करावरचा कर, संसदेने मंजूर केला तो जूनमध्ये, तोही सहा अब्ज डॉलरची खर्चकपात अट म्हणून घालून. म्हणजे ज्या गरिबांच्या योजना वाचवण्यासाठी कर लपवला, त्यांच्याच गळ्याशी सुरी आली. अखेर १५ ऑगस्ट १९७१ ला निक्सन यांनी डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं. त्याला एकट्या व्हिएतनामला जबाबदार धरणं बरोबर नाही, पण ओझ्यात ते होतंच.

आपल्यालाही त्याची झळ बसली. १९६६ मध्ये दुष्काळ होता, आपण अमेरिकेच्या गव्हावर होतो. इंदिरा गांधींनी व्हिएतनामवरच्या बॉम्बवर्षावाविरुद्ध बोलायला सुरुवात केल्यावर जॉन्सन यांनी गव्हाच्या बोटी हात आखडून, एकेक करून सोडल्या. तो लाल गहू निवडताना आजी त्यातले खडे एका वाटीत बाजूला टाकायची. ती वाटी मला आठवते. हे खडे कुठल्या राजकारणातले, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

यातून राज्यकर्ते काय शिकले? मला वाटायचं, लोकांना विचारून युद्ध करायला शिकले असतील. तसं नाही. ते बिल आणखी चांगलं लपवायला शिकले. अमेरिकेने १९७३ मध्ये सक्तीची सैन्यभरती बंद केली, त्यामुळे मध्यमवर्गाचं पोरगं युद्धातून सुटलं. मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला आणि मे महिन्यात बुश यांनी करकपातीवर सही केली. युद्ध चालू असताना कर कमी! सगळं कर्जावर, आणि तेही पुरवणी मागण्यांतून, म्हणजे मूळ अर्थसंकल्पाच्या बाहेर. तरी २००६ मध्ये मतदारांनी दोन्ही सभागृहं काढून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचा राजीनामा आला.

२००३ मध्येच अमेरिकेने इराकसाठी आपल्याकडेही फौज मागितली होती, एका डिव्हिजनच्या, म्हणजे हजारो जवानांच्या तुकडीच्या आसपास. एप्रिलमध्ये आपल्या संसदेने त्या हल्ल्यावर ठराव केला होता, त्यात ‘निंदा’ हा हिंदी शब्द घालायचा की नाही यावर आधी बरीच घासाघीस झाली. जुलैमध्ये वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या आदेशाशिवाय फौज पाठवणार नाही असं कळवलं. माझ्या मते तो त्या सरकारचा सर्वांत शहाणा निर्णय होता, आणि त्याची आठवण कुणी काढत नाही, कारण न झालेल्या युद्धाचं स्मारक बांधत नाहीत.

झालेल्याचंही कुठे बांधतात लवकर? श्रीलंकेत १९८७ ते १९९० आपली शांतिसेना होती, तमिळ वाघांशी लढत. अकराशेहून अधिक जवान गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. देवळाली कॅम्पात माझे एक परिचित आहेत, निवृत्त हवालदार, तेव्हा जाफन्याला होते. ते म्हणतात, “सर, सव्वीस जानेवारीला शाळेत कारगिलवाल्याला बोलावतात. मी कुठे लढलो हे पोरांना सांगायचं तर आधी सांगायला लागतं की आपण तिथे गेलोच का होतो. तेच मला अजून कुणी सांगितलेलं नाही.” याचा आकडा मांडायला कुठल्याही अर्थसंकल्पात रकाना नाही. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला त्याच वाघांनी फौज पाठवणाऱ्या राजीव गांधींना मारलं, ते तर सगळ्यांना माहीत आहे.

प्रश्नांसाठी थोडा वेळ राखून ठेवला होता. पहिला प्रश्न निफाडच्या एका बागायतदारांचा आलाय: “युद्ध दुसऱ्याचं, आपला देश त्यात नाही, तरी आमचं नुकसान कोण मोजणार?” त्यांची द्राक्षं २०२४ च्या हंगामात युरोपला निघाली होती. गाझातल्या युद्धापायी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू होते, म्हणून कंटेनर सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून गेले. दोन आठवड्यांच्या आसपास प्रवास लांबला आणि भाडं कितीतरी वाढलं. काका, याचं खरं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या द्राक्षांचा तोटा कुठल्याच देशाच्या युद्धखर्चात धरला जात नाही, एवढं मात्र खात्रीने सांगतो. तुमच्याकडे हिशोबाची वही असेल तर जपून ठेवा, मला बघायला आवडेल.

आणि नाणं कुठपर्यंत आलंय? मागच्या खांबाजवळ? त्या ताईंना विचारा, त्यांनी करदोट्यात ओवलं नाही ना. हसू नका, आमच्याकडे ओवायचे. आजीकडे असे सात-आठ होते. दोन करदोट्यात गेले, एक नळाला वायसर म्हणून बसवलेला होता, तो नळासकट भंगारात गेला.