सबसिडी कुणाच्या नावावर?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'शेती अनुदानाचे अर्थशास्त्र'. अर्थशास्त्र येईल मागून. आधी आमच्या तात्यांचा अंगठा.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. निफाड तालुक्यात साडेतीन एकर. दिवाळीला गेलो होतो, तर म्हणाले, चल, युरिया घेऊन येऊ. दुकानात पॉस मशीन. आधार नंबर टाकायचा, अंगठा लावायचा, मग गोणी. ४५ किलोची, २६६ रुपये ५० पैसे. पूर्वी ५० किलोची यायची, पण ते पाच किलो आज सोडून देऊ. तात्यांनी अंगठा लावला. मशीन नाही म्हणालं. धोतराला पुसून लावला. नाही. दुकानदार सरावलेला. म्हणाला, "तात्या, केसांना चोळा." केस कुठले? टकलाला चोळला. नाही! मग मधलं बोट, करंगळी, डावा हात. पन्नास वर्षं खुरपं धरून हाताच्या रेषाच गेलेल्या, मशीन तरी काय वाचणार? मागं रांग लागली, त्यात सगळ्यांची तीच बोटं.

शेवटी दुकानदार माझ्याकडे वळला. "साहेब, तुम्ही लावा की." आता माझ्या नावावर गुंठाभर जमीन नाही. राहतो लोअर परळला. छत्तीस वर्षं कारकुनी केली, त्यामुळे अंगठा अजून कोरा करकरीत. टेकवला मात्र, पावती बाहेर! माझ्या नावाची. (हशा) म्हणजे सरकारदरबारी त्या दिवशी युरियाच्या सबसिडीचा लाभार्थी मी.

तात्या घरी येईपर्यंत बोलले नाहीत. गोणी उतरवताना एवढंच म्हणाले, "तुझंच नाव बरोबर हाय."

तेव्हा मला तो टोमणा वाटला. आता वाटतं, मशीननं चुकून खरं सांगितलं. खताची सबसिडी शेतकऱ्याच्या खात्यात येतच नाही. विक्रीची नोंद झाली की ती खत कंपनीला जाते. गोणी स्वस्त, म्हणून पीक स्वस्त, म्हणून माझी भाजी स्वस्त. मग लाभार्थी कोण?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, आत्ता तर कुठं... बरं, पळतो.

आता शेतकऱ्याच्या खात्यात थेट येणाऱ्या रोख रकमेचं बघा. केंद्राचे ६,००० आणि राज्याच्या नमो योजनेचे ६,०००, मिळून वर्षाला १२,०००. दिवसाला तेहतीस रुपये पडतात. दादर स्टेशनबाहेर एक वडापाव आणि कटिंग.

आता दुसरी बाजू, म्हणजे कांदा. भाव पडले म्हणून २०२३ मध्ये राज्यानं क्विंटलला ३५० रुपये दिले, किलोला साडेतीन. तेही सातबाऱ्यावर कांद्याची नोंद असेल तर, आणि २०० क्विंटलपर्यंतच. त्याच वर्षी भाव चढायला लागले, तर ऑगस्टमध्ये केंद्राचं ४० टक्के निर्यात शुल्क, आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही शुल्क आणि किमान निर्यात दर लावून. का? तुम्ही-आम्ही मंडईत ओरडतो म्हणून. पडल्यावर साडेतीन रुपये द्यायचे आणि चढल्यावर दारच लावून घ्यायचं, या दोन रकमा एका पानावर मांडून कुणी दाखवत नाही. शेतकरी संघटनेचे शरद जोशी याला उणे सबसिडी म्हणायचे. २०१८ साली ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या अहवालानंही भारतातल्या शेतकऱ्याचा हिशेब उणेच काढला, शेतीच्या एकूण उत्पन्नाच्या वजा १४ टक्के. पाठिंबा आणि निर्बंध सगळे धरून, २००० पासूनच्या सोळा-सतरा वर्षांची सरासरी.

माझी सूचना साधी आहे. खताच्या सबसिडीला 'शेतकऱ्यांना अनुदान' म्हणतात, अर्थसंकल्पात त्या रकमेपुढे 'खाणाऱ्यांना' असं लिहा. आकडा तोच ठेवा.

दुधाचं राहिलं, ठिबकचं राहिलं. दुसरी चिठ्ठी आली. बाहेर चहा आहे म्हणतात, आणि कांदाभजी. कांदा काय भावानं आणला, तेवढं कार्यवाहांनी जाता जाता सांगावं.