मॉर्मन मिशनरी घरी परतल्यावर काय सांगतात? 'मग सोडून का येत नाहीत?' याचं उत्तर

नमस्कार मंडळी! आजचा विषय तुम्हीच दिलाय. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या घरांच्या किमतींवर व्हिडिओ केला होता, तर त्याच्या खाली घरांबद्दल कमी आणि 'ताई, ती पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावाची पट्टी लावून सायकलवर फिरणारी दोन मुलं कोण?' याबद्दलच जास्त. न्यू जर्सीतून एक काकू विचारतायत, डॅलसहून एक जण विचारतोय. ती मुलं म्हणजे मॉर्मन चर्चचे मिशनरी, दारोदार जाऊन धर्मप्रसार करणारे. आणि तेवढ्यात या मिशनऱ्यांच्या जुन्या नियमांची गंमत सांगणारे रील्स फिरायला लागले, मग तर विचारूच नका.

मी राहते युटातच, लीहाय गावाच्या जवळ. ऑफिसात माझ्या आजूबाजूला बसणाऱ्या बऱ्याच पुरुषांनी कधी ना कधी ती पट्टी लावलेली आहे. जेवणाच्या सुट्टीत या गोष्टी निघतात. काही जण आजही दर रविवारी चर्चला जातात, काहींनी चर्च कधीच सोडलं. हे आधीच सांगते, कारण 'माजी मिशनरी' म्हटलं की तुम्ही धरूनच चालता की तो धर्म सोडलेला माणूस असणार. तसं नाहीये.

प्राथमिक माहिती पटकन उरकते, गूगलवर सगळी आहे. चर्चचं नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. 1830 साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथनं स्थापन केलं, आता मुख्यालय सॉल्ट लेक सिटीत. 2018 पासून चर्च म्हणतं की आम्हाला 'मॉर्मन' म्हणू नका. पण तुम्ही सर्चमध्ये तेच टाइप करता, म्हणून मीही तेच म्हणतेय. बहुपत्नीत्व? 1890 मध्ये अधिकृतपणे थांबवलं. जेहोवाज विटनेस? तेही दारोदार फिरतात, पण ते वेगळे, त्यांचा यांच्याशी संबंध नाही. दारू, तंबाखू, कॉफी बंद. आणि चहासुद्धा. हो, आपला चहा. चला, पुढे.

मिशनरी म्हणून मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. 2012 मध्ये जायचं वय कमी केलं, मुलग्यांचं 19 वरून 18 आणि मुलींचं 21 वरून 19 (तेही 2025 पासून 18), आणि एकदम झुंबड उडाली. मुलग्यांनी जायलाच हवं अशी अपेक्षा असते, मुलींची मर्जी. पगार वगैरे काही नाही. उलट घरच्यांनीच पैसे भरायचे. अमेरिकेतल्या मुलांसाठी हा आकडा 2020 मध्ये महिन्याला 400 वरून 500 डॉलर झाला. कुठे जायचं ते आपण ठरवायचं नाही. पूर्वी घरी मोठं पांढरं पाकीट यायचं, आजी-आजोबा, मावश्या, शेजारी सगळे दिवाणखान्यात जमायचे आणि मुलगा सगळ्यांसमोर ते फोडायचा. आता पत्र ऑनलाइन येतं, पण माणसं तशीच जमतात. त्यात ब्राझील निघेल, तैवान निघेल, नाहीतर शेजारचं आयडाहो. आयडाहो निघालं की आई जरा जास्तच जोरात टाळ्या वाजवते.

मग युटातल्याच प्रोव्होचं ट्रेनिंग सेंटर, भाषा शिकणं आणि रवानगी. तिथे पहिलं नाव गायब. मुलगा असेल तर 'एल्डर' आणि आडनाव, मुलगी असेल तर 'सिस्टर' आणि आडनाव.

आता नियम. तुम्हाला नियमच ऐकायचे असतात, मला माहितीय. जुन्या काळी एक छोटी पांढरी पुस्तिका असायची, बरोब्बर शर्टाच्या खिशात मावणारी. माझ्या टीममधल्या एकानं त्याची अजून जपून ठेवलीय, मी हातात घेऊन पाहिली. कोपरे घामानं पिवळे पडलेत, मधल्या पानांवर पेनानं खुणा आणि मागच्या कव्हरवर कुठल्याशा बसचा नंबर. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा बंद. टीव्ही नाही, सिनेमा नाही, पोहणं नाही, डेटिंग तर नाहीच. बास्केटबॉल खेळायचा तर अर्ध्या मैदानावर. घोड्यावर बसायचं नाही, मोटारसायकल नाही, खाजगी विमान नाही, आणि स्फोटकं हाताळायची नाहीत. स्फोटकं! आमच्या ऑफिसातलं मत असं की हे वाक्य लिहावं लागलं त्याअर्थी कुणीतरी तो उद्योग नक्की केला असणार.

घरी फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. हे अगदी फेब्रुवारी 2019 पर्यंत होतं बरं का. त्यानंतर दर आठवड्याला फोन, व्हिडिओ कॉल चालायला लागले. मुलींना पँट घालायची परवानगी मिळाली 2018 च्या डिसेंबरमध्ये. त्याआधी बर्फात सायकल चालवायची तीसुद्धा स्कर्टमध्ये.

आणि सगळ्यात मोठा नियम: जोडीदार. म्हणजे दुसरा मिशनरी. चोवीस तास नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात. बाथरूम सोडून. निवड तुमची नाही, साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा फोन येतो आणि तेव्हा कळतं की हाच राहणार की नवीन येणार. यावर कमेंट येते, 'म्हणजे पाळतच की.' थोडी पाळत, थोडी सुरक्षितता, दोन्ही आहे. पण परतलेल्यांना विचारलं तर ते पाळतीचं सांगत नाहीत. ते सांगतात की परतल्यावर एकटं राहताच येईना. एक जण म्हणाला, घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी आईनं दूध आणायला पाठवलं, तर दुकानात पोचेपर्यंत तो सारखा मागे वळून बघत होता, हा कुठे राहिला म्हणून. दुधाच्या फ्रीजसमोर उभा आणि काळजात धस्स, की मी नियम मोडतोय!

आता मुद्द्यावर येते. तुमची सगळ्यात लाडकी कमेंट, 'एवढे जाच आहेत तर सोडून का येत नाहीत? बेड्या घातल्यात का?' ही कमेंट वाचून वाचून मला आता चीड येते, खरं सांगते. बेड्या नाहीतच. विमानाचं तिकीट मिळतं. येतातही कित्येक जण. पण ज्या मुलांशी मी बोलते, ती नियमांबद्दल हसत हसत बोलतात. पोहणं, बास्केटबॉल, स्फोटकं, सगळ्यावर विनोद होतात. त्यांचा आवाज बदलतो तो एका हिशोबाशी आल्यावर. तो हिशोब नीट समजून घ्या, मी तीनदा सांगणार आहे, कंटाळलात तरी.

हिशोब असा: तंतोतंत आज्ञापालन केलं तर देव आशीर्वाद देतो. आशीर्वाद म्हणजे लोक ऐकतील, बाप्तिस्मा घेतील, म्हणजे चर्चमध्ये सामील होतील. ऐकायला गोड आहे. आता तो उलटा वाचा. लोक ऐकत नाहीत, म्हणजे आज्ञापालनात कुठेतरी खोट आहे. कुणाची? तुझी. आपल्याकडे नवस फळला नाही की म्हणतात ना, 'तुझ्याच श्रद्धेत कमी पडलं काहीतरी', तेच. फक्त इथे ऐकणारा एकोणीस वर्षांचा आहे, परक्या देशात आहे आणि दिवसभर दारं तोंडावर आपटून घेऊन आलाय.

दुसऱ्या बाजूनं सांगते. आकडे. रविवारी रात्री आठवड्याचा हिशोब वर द्यायचा. किती जणांशी बोललात, किती धडे झाले, किती जण बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला तयार. मिशनरी सांगतो डिस्ट्रिक्ट लीडरला, तो झोन लीडरला, तिथून मिशन प्रेसिडेंटपर्यंत, म्हणजे त्या सगळ्या भागाच्या प्रमुखापर्यंत. हे लीडरही वीस-एकवीसचीच पोरं हं, प्रेसिडेंट तेवढा वयस्कर, बायकोसकट तीन वर्षांसाठी आलेला. आता ब्राझीलमधल्या मुलाचे आकडे फुगतात आणि युरोपातल्याचे शून्यावर शून्य. मिट रॉमनी, अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले, ते 1966 ते 1968 फ्रान्समध्ये मिशनरी होते. वाइनच्या देशात दारोदार जाऊन दारू सोडा म्हणून सांगायचं! तिथे शून्य येणार नाही तर काय? देश बदलला की आकडा बदलतो, हे कुणालाही दिसावं. पण त्या हिशोबात देशाला जागाच नाही. युरोपातून परतलेली एक मैत्रीण सांगते, ती आणि तिची जोडीदार आकडे दिले की रात्री आठवून आठवून शोधायच्या, आपण कुठे चुकलो. साडेसहाऐवजी सहा पस्तीसला उठलो तो मंगळवार होता का? अक्षरशः हे.

आणि आकड्यांचा ताण वाढला की काय होतं, याचं उदाहरण चर्चच्याच इतिहासात आहे. 1960 च्या आगेमागे ब्रिटनमध्ये मिशनऱ्यांनी शाळकरी पोरांना बेसबॉल शिकवायला सुरुवात केली. टीममध्ये यायचं तर बाप्तिस्मा. पोरांना वाटलं क्लबात नाव घालतायत. कागदावर बाप्तिस्म्यांचे ढीग लागले आणि चर्चमध्ये पोरं फिरकेनात. 'बेसबॉल बाप्तिस्मे' या नावानंच ते ओळखलं जातं. पुढे नवीन मिशनऱ्यांना घरोघर जाऊन ती नावं निस्तरावी लागली. मायकल क्विन म्हणून इतिहासकार होते, ते त्याच दशकात तिकडे मिशनरी होते आणि पुढे त्यांनी याबद्दल लिहिलं. 1993 मध्ये चर्चनं त्यांना बहिष्कृत केलं, ते मात्र त्यांच्या इतर संशोधनावरून.

आता तिसरी बाजू, आणि तुमच्या लाडक्या कमेंटचं उत्तर. लवकर परत येणं. समजा मुलाला तिकडे नैराश्य आलं, झोप उडाली, आठ महिन्यांत घरी आला. चर्चच्या भिंतीवर मिशनवर गेलेल्या मुलांचे फोटो लागतात, त्यात त्याचा आहे. निघताना त्यानं सगळ्यांसमोर भाषण केलेलं आहे. मुलींना लहानपणापासून सांगितलेलं असतं की नवरा मिशन पूर्ण केलेला बघ. आणि आता तोच हिशोब गावभर लागतो: आशीर्वाद मिळाला नाही, म्हणजे यानं काहीतरी केलं असणार. कुणी तोंडावर बोलत नाही. 'अरे, आलास का?' एवढंच विचारतात. त्या 'का'त सगळं येतं. आमच्या गल्लीत असा एक मुलगा आहे. त्याची आई मला म्हणाली, पायाचं हाड मोडून आला असता तर लोकांनी डबे आणून दिले असते. आता चर्च उघडपणे सांगतं की अशा मुलांना सांभाळून घ्या, मानसिक आरोग्याबद्दलही बोलतं, आणि पूर्वीपेक्षा फरक पडलाय असं सगळेच म्हणतात. पण त्या माउलीला डबा आला नाही तो नाहीच.

म्हणून सोडून येत नाहीत. झालं समाधान? पुन्हा ही कमेंट आली तर मी या मिनिटाची लिंक चिकटवणार आहे.

आता दुसऱ्या बाजूच्या कमेंट्स. 'ताई, तुम्ही ख्रिश्चनांना बदनाम करताय.' त्याच्याच खाली, 'ताई, तुम्ही धर्मांतराचा प्रचार करताय.' तुम्ही दोघं आधी आपसात ठरवा. माझ्या ओळखीतली कित्येक माणसं म्हणतात की ती दोन वर्षं आयुष्यातली सगळ्यात चांगली होती. त्यात चर्च सोडलेलेही आहेत! अठराव्या वर्षी स्वतःचे कपडे धुवायला शिकलो, नवी भाषा बोलायला लागलो, म्हाताऱ्या बायकांची अंगणं साफ केली, नकार पचवायला शिकलो. एक जण तर म्हणतो, रोज सकाळी धर्मग्रंथ इतका बारकाईनं वाचला की त्यातूनच प्रश्न पडायला लागले आणि मी बाहेर आलो. त्याच्याच जोडीदाराची श्रद्धा त्याच खोलीत, तेच पुस्तक वाचून पक्की झाली. अजून एकमेकांच्या पोरांच्या वाढदिवसाला जातात.

तुम्हाला हे लोक मोकळेपणी भेटायचे असतील तर युटातल्याच स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरात होळीला या. टेकडीवरचं देऊळ, हजारोंची गर्दी, आणि त्यात भारतीय कमी, जवळच्या, चर्चच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठाची गोरी पोरं जास्त. दारू नाही, भांग नाही, नुसता रंग आणि कीर्तन. त्यांना अगदी मानवतं. मागे तिथे एका मुलानं गुलाल लावता लावता माझ्याशी चक्क तेलुगूत बोलायला सुरुवात केली. मी म्हटलं, बाबा रे, मी मराठी. भारतात त्यांची बंगळुरू आणि नवी दिल्ली इथे मिशन्स आहेत, तो बंगळुरूचा, आणि त्या मिशनमध्ये तेलुगू भागही होता.

शेवटचं, न्यू जर्सीच्या काकूंसाठी. काकू, ती मुलं दारात आली तर काय करायचं? चहा विचारू नका, घेणार नाहीत. उन्हातून आलेली असतात, गार पाणी द्या. बाई घरात एकटी असेल तर मुलगे बहुधा आत येत नाहीत, त्यांचाच नियम आहे, अपमान वाटून घेऊ नका. आणि मुख्य म्हणजे, नको असेल तर 'नको' म्हणा. आपली सवय काय? 'आत्ता जरा गडबडीत आहे, पुढच्या आठवड्यात या की.' समोरचा मराठी असेल तर त्याला कळतं. या पोरांना नाही कळत! त्यांच्या फोनमध्ये ॲप असतं, त्यात तुमचा पत्ता आणि 'पुढचा आठवडा' जातो, आणि पुढच्या आठवड्यात ती येतात. तुम्ही पुन्हा 'पुढच्या रविवारी बघू' म्हणता, ती पुन्हा येतात. बदली झाली तर नवीन जोडी तीच नोंद वाचून येते. मग तुम्ही मला लिहिता की ताई, पिच्छाच सोडत नाहीत. अहो, तुम्हीच बोलावताय!

स्पष्ट 'नको, थँक यू' म्हटलं की हसून जातात. आणि डॅलसच्या दादा, तुम्ही विचारलं होतं की ते 'आम्ही काही मदत करू शकतो का' म्हणतात ते खरं का. खरं आहे. सोफा वरच्या मजल्यावर चढवायचा असेल तर सांगा, शनिवारी येतील.