ओल्या बोटाचा सूर

श्रोतेहो, नमस्कार.

मुलं मोठी झाली की त्यांचं गाणारं खेळणं अडगळीत जातं. दोन सुरावटी, तीन प्राण्यांचे आवाज, एवढंच त्याला येतं अशी आपली समजूत असते. पण त्याच्या पोटातल्या सर्किटला किती तरी जास्त येतं, आणि ते त्याच्याकडून काढून घेण्याच्या कलेला सर्किट बेंडिंग म्हणतात. आज त्याबद्दल बोलायचंय.

आधी एक ताकीद. हे सगळं फक्त सेलवर चालणाऱ्या वस्तूंपुरतं. अ‍ॅडॉप्टर लावलेला असेल तर तो काढून बाजूला ठेवा. भिंतीतल्या विजेवर चालणारी कुठलीही वस्तू उघडायची नाही. जुना टीव्ही, कॅमेऱ्याचा फ्लॅश यांच्याही वाटेला जायचं नाही. बंद केल्यावरसुद्धा त्यांच्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका देण्याइतकी वीज साठून राहिलेली असते.

मी पहिल्यांदा उघडला तो एक हाताएवढा खेळण्यातला पियानो. मागचे स्क्रू काढले, झाकण उचललं. आत एक छोटा बोर्ड, त्यावर काळ्या लाखेसारखा एक थेंब, म्हणजे त्याच्याखाली चिप, आणि शेजारी चार-पाच रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारे छोटे भाग. पियानो सुरू केला, तर्जनी जिभेला लावून ओली केली आणि बोर्डाच्या मागच्या बाजूला, जिथे जिथे डाग दिलेले असतात, तिथून हळूहळू फिरवत नेली. बराच वेळ काही झालं नाही. मग एका जागी बोट टेकलं आणि सूर सर्रकन वर चढला. बोट दाबलं की आणखी वर, सैल सोडलं की खाली. त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला, कारण तो सूर आता माझ्या बोटाच्या तालावर होता.

असं का होतं? चिपच्या आत एक ठोका चालू असतो आणि त्याच्या वेगानेच ती सूर वाजवते. तो वेग बहुतेक वेळा एक रेझिस्टर ठरवतो. ओलं बोट त्याच्या दोन टोकांवर टेकलं की विजेला एक जादा वाट मिळते, एकूण अडथळा कमी होतो, ठोका जलद पडतो आणि सूर चढतो. सूर उतरवायचा असेल तर बोटाचा उपयोग नाही. तो रेझिस्टर काढून तिथे जास्त अडथळ्याचा पोटेन्शिओमीटर, म्हणजे व्हॉल्यूमसारखी फिरवायची चकती, झाळायची. मग चिमणीचा आवाज इतका खाली आणता येतो की तो दूरवरच्या ढगांच्या गडगडाटासारखा वाटतो. फार ओढलं तर चिप गप्प होते. सेल काढून पुन्हा घातले की बहुधा जागी होते.

या कलेचं नाव रीड गझाला या अमेरिकन माणसाशी जोडलेलं आहे. साठच्या दशकात, ते किशोरवयात असताना, त्यांच्या टेबलाच्या खणात पडलेला सेलवरचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर आतल्या धातूच्या वस्तूला टेकला आणि आपोआप विचित्र सूर काढू लागला. असल्या आवाजाला आपण बिघाड म्हणतो आणि सेल काढून टाकतो. ते ऐकत बसले, आणि माझ्या मते सगळी कला त्या ऐकत बसण्यात आहे. सर्किट बेंडिंग हे नावही पुढे त्यांनीच दिलं, 1992 मध्ये.

त्यांनी हाताळलेल्या खेळण्यांपैकी स्पीक अँड स्पेल मला सगळ्यात जवळचं. 1978 मध्ये आलेलं हे स्पेलिंग शिकवणारं खेळणं. त्यात शब्दांचं साधं ध्वनिमुद्रण नाही. माणसाचा घसा आणि तोंड आवाज कसा घडवतात त्याचं गणित मांडून चिप शब्द उच्चारते. त्या गणिताचे आकडे मेमरीतून येतात. वाटेत दोन तारा जोडल्या की आकडे चुकतात, पण चिपला ते कळत नाही. मिळेल तो आकडा ती इमानेइतबारे उच्चारते, आणि कुठल्याच भाषेत नसलेले शब्द आपल्याला माणसाच्या गळ्यातून ऐकू येतात.

तुम्हाला करून बघायचं असेल तर एखादं जुनं, मोडलं तरी वाईट वाटणार नाही असं खेळणं घ्या. दोन्ही टोकं सोललेली एक तार घ्या. खेळणं वाजत असताना एक टोक एका डागावर धरा आणि दुसरं बाकीच्या डागांवर एकेक करून टेकवा. सेलची दोन टोकं मात्र आपसात कधीच जोडू नका. काही तापलं किंवा वास आला तर लगेच सेल काढा. आवडता आवाज सापडला की त्या दोन्ही डागांवर मार्करने खूण करा, कारण पाच मिनिटांनी ती जागा आठवत नाही. नंतर सवडीने तिथे तारा झाळून बाहेर एक बटण काढता येतं.

माझ्या पियानोला आज अशी सहा बटणं आहेत. चौथं दाबलं की एकच सूर तुटत, अडखळत बराच वेळ चालू राहतो, आणि दोनदा दाबलं तरी तो सारखा येत नाही.