तिथीची पाऊणपट

(मालवण तालुक्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना 'समतोल जीवनाचे उपासक' असं म्हटलं. माझी बायको पहिल्या रांगेत बसली आहे, ती हसली ते मी पाहिलं. तेव्हा उपासना राहू दे, मी चिखलात रुतलो होतो तिथून सुरुवात करतो.

तीसेक वर्षं झाली. मेहुणे सहकुटुंब मुंबईहून आले होते. त्यांना कर्लीच्या खाडीतून होडीनं फिरवायची हौस मला. जेवणं आटोपून निघेपर्यंत दुपारचे तीन वाजले. काठावर एक म्हातारे जाळं दुरुस्त करत बसले होते. म्हणाले, "मास्तरानू, आज पुनव. सुकती लागली हा, खंय चललात?" सुकती म्हणजे ओहोटी. पण मी घड्याळ बघून निघालेला माणूस. रात्रीची एसटी किती वाजता हे मला पाठ होतं, तिथीचं काय करायचं?

अर्ध्या तासात होडी बसली. मी उतरून ढकलायला गेलो तर गुडघ्यापर्यंत आत, आणि एक चप्पल गेली ती गेलीच. होडीवाल्यानं वल्हं आडवं ठेवलं, बिडी काढली. "आता जोर करून उपेग नाय. पाणी येतला."

मग आम्ही बसलो. पहिला तासभर मी नुसता चिडलेला. नंतर मेहुण्यांची धाकटी मुलगी कुर्ल्या मोजायला लागली. चिखलाला भोकं पडलेली, प्रत्येक भोकाशी एक लहान कुर्ली एक नांगी वर करून उभी. आपण हललो की सगळ्या एकदम आत. कांदळाची मुळं उघडी पडली होती. पलीकडच्या बाजूला दोन बायका वाकून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचत होत्या. त्यांना ही वेळ बरोबर माहीत होती, मलाच नव्हती. साडेपाचच्या पुढे पाणी फिरलं. लाट वगैरे काही नाही. त्या भोकांभोवतीचा चिखल आधी चकाकायला लागला, मग दोन भोकांमध्ये पाण्याची एक रेघ ओढली गेली. होडी हलली तेव्हा अंधार पडला होता. एसटी अर्थात चुकली.

त्या म्हाताऱ्यांना जे तोंडी येत होतं ते गणित आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला पूर्ण भरती, तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मी तीनला होडी लोटली, म्हणजे खाडी रिकामी होत असताना. थोडं मागेपुढे होतं, पण चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याच्याबरोबर भरतीही सरकते, आणि हे सरकणं त्या पाऊणपटीत बसलंय.

अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात, ओढ एकमेकांना छेदते, तेव्हा भांग. भांगाला पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. आपण ज्याला समतोल म्हणतो ना, तसं काहीतरी. पण समुद्र तिथे राहतो का? दोन-तीन दिवस, की पुन्हा उधाणाकडे. आणि खाडीतला गाळ हलतो, तिसऱ्या उघड्या पडतात, त्या उधाणाच्या ओहोटीला.

पंचांगात हेच आणखी गमतीनं केलंय. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ चं. दरवर्षी अकरा दिवसांचं देणं. ते रोज थोडं थोडं फेडत बसले नाहीत. चंद्राला चंद्राच्या गतीनं जाऊ दिलं, सूर्याला सूर्याच्या, आणि बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अख्खा महिना घालून खातं मिटवलं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. आपण जावयाला अनारसे देऊन मोकळे होतो, पण मला त्या हिशेबाचं कौतुक वाटतं. रोजच्या रोज तोल साधायचा ही आपली हौस आहे. जुन्या लोकांनी थकबाकी चालवून घेतली, फक्त ती फेडायचा दिवस ठरवून ठेवला.

आयुर्वेदातल्या वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुसंधी सांगितलाय. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात. या काळात जुनं हळूहळू सोडायचं, नवं हळूहळू धरायचं. आपल्याकडे हे पुस्तकाविना चालतं. मृग लागला, पहिला पाऊस झाला की कुंपणाला टाकळा उगवतो. त्याची कोवळी पानं आणि फणसाच्या आठळ्या, वर ओलं खोबरं. उन्हाळ्यातला शेवटचा फणस आणि पावसातली पहिली भाजी एकाच कढईत.

चातुर्मासाचं मी एवढं गोड बोलणार नाही. घरातले उपास करतात आणि घरातल्या बाईला साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ नि बाकीच्यांचं जेवण असे दोन स्वयंपाक पडतात. तिचा ऋतुसंधी कुठल्या ग्रंथात आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

मासेमारीची बंदी मात्र पटते. कायद्यानं १ जून ते ३१ जुलै. जुन्या रीतीत नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नसत. पावसात बरीच मासळी अंड्यावर असते. समुद्र खवळलेला, माणसाचा जीव वाचतो आणि माशाचाही.

आणि आपल्या आचऱ्याची गावपळण. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव वेशीबाहेर. गुरं, कुत्री, कोंबड्या, म्हातारी माणसं सगळं घेऊन. तीन दिवस, तीन रात्री राहुट्यांत, झाडाखाली, एकत्र जेवण, भजनं. पुन्हा कौल मिळाला की परत. कोणी म्हणतं भुतं वावरतात, कोणी म्हणतं हवा शुद्ध होते. मला दोन्हीची गरज वाटत नाही. पाहुणा म्हणून एका राहुटीत बसलो होतो, तिथे एक आजी सांगत होती की घर बंद करताना आधी चुलीतली राख काढायची. परत आल्यावर पहिलं काम विस्तव पेटवणं. "तीन दिवस चूल गार म्हणजे घराक पण झोप लागता," म्हणाली.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. माझ्याकडे दुसरं घड्याळ आहे. आज दशमी, दहाची पाऊणपट साडेसात. ज्यांना होडीनं पलीकडे जायचंय त्यांनी आताच निघा, पाणी चढतंय तोवर. आठ वाजून गेले की ते फिरेल. बाकीच्यांसाठी मागे चहा आहे.