आज्जीचा अकरावा मणका

कोल्हापूरची गंगावेस, पहाट. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या आहेत. धार ग्लासात पडते, फेस वर येतो. माझी आज्जी याच पेठेतली. जन्मभर धारोष्ण दूध प्यालेल्या बाईची हाडं मोडत नाहीत, असा आमच्या घरात पक्का समज होता. पण पाळी गेल्यावर बाईच्या हाडांची झीज वेगानं होते, ती नुसत्या दुधानं थांबत नाही.

पाण्याची अर्धी बादली उचलताना तिच्या पाठीत चमक भरली. एक्स-रेत बारावा मणका पुढून चेपलेला, पाचरीसारखा. दोन महिने पट्टा लावून झाला, दुखणं हटेना. मग पाठीतून सुई घालून मणक्यात हाडांसाठीचं खास सिमेंट भरलं. हा उपचार फ्रान्समध्ये १९८४ साली सुरू झाला. आज्जी दुसऱ्या दिवशी उठून बसली. प्रत्येकालाच असा गुण येतो असं मात्र नाही. २००९ मधल्या दोन चाचण्यांत खोट्या प्रक्रियेपेक्षा, म्हणजे सिमेंट न भरता केलेल्या नुसत्या देखाव्यापेक्षा, जास्त फायदा दिसला नव्हता.

सहाव्या आठवड्यात पुन्हा कळ आली. जुन्या जागेच्या जरा वर.

"ऑपरेशन झालंय, दुखणारच की," सगळे म्हणाले. मीही म्हणालो. तीन आठवडे ती भिंतीला धरून चालत राहिली. पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हा शेजारचा अकरावा मणका बसलेला.

सिमेंटनं एक मणका सावरतो. बाकीची हाडं ठिसूळच राहतात. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. कधी सिमेंट बाहेर झिरपतं. बहुतेकदा त्रास होत नाही, पण नसेवर दाब आला तर पायातली ताकद जाते, लघवी अडते. शिरेतून फुप्फुसात गेलं तर धाप लागते. ज्यांच्या मणक्यात आधारासाठी स्क्रू बसवतात, त्यांचे स्क्रू वाळवी लागलेल्या चौकटीतल्यासारखे ढिले होऊ शकतात. ताप आला, जखमेतून पू आला, तरी थांबायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आज्जीची झाली ती दुसऱ्या मोडीनंतर. मग ड जीवनसत्त्व आणि किडनी तपासून हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रोनिक ॲसिडची सलाईन लागली. वर्षातून एकदा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या सलाईनच्या तारखेला तिनं लाल पेनानं गोल केलाय. मी कॅमेरा लावतोय, तोवर नळाला पाणी येतं.

"बादली तू घे रं," ती म्हणते, आणि स्वतः तांब्या उचलते.