एकवीस मार्कांचं अंतर

नमस्कार, श्रोतेहो.

बारावीचे निकाल लागले की सातारा काय नि सांगली काय, घराघरांत एकच विषय. कट-ऑफ कितीला थांबेल, दाखला वेळेत मिळेल का, आणि पलीकडच्या गल्लीतल्या पोराला आपल्यापेक्षा कमी मार्क असून सीट कशी लागली? टपरीवर यावरून आवाज चढतात, चहा संपला की लोक आपापल्या वाटेनं जातात. शेजारच्या श्रीलंकेत मात्र हा आवाज खाली आलाच नाही.

पॉल कॉलियर आणि आंके होफ्लर या अर्थतज्ज्ञांनी 1960 ते 1999 या काळातली यादवी युद्धं तपासली होती. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण जिथं जास्त, तिथं यादवीचा धोका कमी, असं त्यांना आढळलं. पटण्यासारखंच आहे. शिकून चार पैसे मिळवायची आशा असलेला मुलगा जंगलात जाऊन बंदूक उचलायला सहजी तयार होत नाही. आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये शिक्षकांचे पगार थकले, शाळा ओस पडल्या, आणि 1991 साली तिथं बंडखोरांना पोरांची वाण पडली नाही.

पण श्रीलंकेत शाळा होत्या की! शिक्षणमंत्री कन्नंगरा यांच्या काळात, 1945 पासून, तिथं विद्यापीठापर्यंतचं शिक्षण मोफत झालं. साक्षरतेत तो देश आपल्या कितीतरी पुढे. तरीही 1971 च्या एप्रिलमध्ये खेड्यापाड्यांतल्या शिकलेल्या सिंहली, म्हणजे बहुसंख्य समाजातल्याच, तरुणांनी सरकारविरुद्ध बंड केलं. हातात शिक्षण होतं, नोकरी नव्हती. हजारो पोरं मारली गेली.

त्याच वर्षी विद्यापीठ प्रवेशाचा नियम बदलला. मेडिकलला 400 पैकी तमिळ विद्यार्थ्याला 250 मार्क लागणार, सिंहली विद्यार्थ्याला 229. अभ्यासक्रम एकच, भाषा तेवढी वेगळी.

सरकारची बाजूही ऐकून घेऊ. उत्तरेकडच्या तमिळबहुल जाफन्यात मिशनऱ्यांच्या जुन्या शाळा होत्या, विज्ञान चांगलं शिकवलं जाई. दक्षिणेतल्या सिंहली खेड्यांत प्रयोगशाळासुद्धा नव्हती. तिथल्या मुलांची तक्रार खोटी नव्हती. पण जाफन्याला नदी नाही, चुनखडीची जमीन, विहिरीच्या पाण्यावर सगळी शेती. तिथं पोरगं शिकून सरकारी नोकरीत चिकटणं म्हणजेच घर चालणं. माण-खटावच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. त्यात सिंहलीलाच राजभाषा करणाऱ्या 1956 च्या 'फक्त सिंहली' कायद्यानं नोकरीची वाट आधीच अरुंद केलेली. आता कॉलेजचीही झाली.

या नियमातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. चहाच्या मळ्यांतले तमिळ मजूर म्हणजे देशातले सर्वांत गांजलेले लोक. 1948 साली त्यांतल्या बहुतेकांचं नागरिकत्वच गेलं होतं, मळ्यावरच्या शाळा नावापुरत्या. पण भाषा तमिळ, म्हणून त्यांच्या पोरांनाही तीच 250 ची रेघ. जाफन्यातल्या वकिलाचा मुलगा आणि मळ्यावरच्या मजुराचा मुलगा एका मापात! आरक्षणाविरुद्ध मी बोलतोय, असं कृपा करून समजू नका. ज्या साताऱ्यात बाबासाहेबांनी 1900 साली हायस्कुलात नाव घातलं, तिथं राहून मी ते बोलणार नाही. मागासलेपण मोजून जागा देणं आणि भाषा बघून रेघ ओढणं, यात फरक आहे एवढंच.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी काय केलं बघा. 1919 साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. वर्गात बसायचं तर आधी पोटाची सोय हवी, हे त्या नवराबायकोनं ओळखलं. एका बोर्डिंगामुळे जिल्ह्यात शांतता नांदली, असला दावा मी करणार नाही. पत्रीसरकारच्या या मुलखाला हत्यार काही नवखं नाही. पण इथं एकाची वाट रुंद करताना दुसऱ्याची अडवली गेली नाही.

श्रीलंकेत नुसत्या मार्कांवरून युद्ध पेटलं असंही नाही. दंगली होत्या, मोडलेले करार होते. पण बंदूक हाती घेणाऱ्या पहिल्या तमिळ तरुणांत विद्यार्थी चळवळीतली पोरं बरीच होती. 1981 साली जाफन्याचं ग्रंथालय जाळलं गेलं, सुमारे 97,000 पुस्तकं राख झाली. 1983 च्या जुलैत कोलंबोत तमिळांची कत्तल झाली, आणि मग 2009 च्या मेपर्यंत सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात युद्ध.

भाषेवरची रेघ मधेच कधीतरी पुसली गेली. आता तिथं 40 टक्के जागा गुणवत्तेवर, 55 टक्के जिल्ह्यांच्या लोकसंख्येप्रमाणे आणि 5 टक्के शिक्षणात मागे पडलेल्या जिल्ह्यांना असतात. त्या मागास जिल्ह्यांच्या यादीत मुल्लैतीवू आहे. युद्धाची शेवटची लढाई तिथंच झाली.