घोरणारा कुत्रा आणि उन्हाळा

कार्यक्रमाच्या पत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘उष्ण हवेत घरात पाळण्याजोगा बुलडॉग’. त्यावर बोलणारच आहे, पण आधी घोरण्याबद्दल बोलू द्या. माझा सगळा राग त्या घोरण्यावर आहे.

एका उन्हाळ्यात माझ्या दवाखान्यात भीम आला. तीन वर्षांचा इंग्लिश बुलडॉग. चौघांनी चादरीत उचलून आणला होता. सकाळी दहाला जेमतेम दहा मिनिटं फिरवला होता. जीभ जांभळी, घशातून करवतीसारखा आवाज, ताप ४१.६ अंश सेल्सिअस. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ असतं हो. आम्ही नळाचं पाणी त्याच्या अंगावर ओतत होतो, वर पंखा लावला होता, आणि घरातले आजोबा सांगत होते, “डॉक्टर, तो आधीपासून असाच श्वास घेतो. पिल्लू देणाऱ्यानं सांगितलं होतं, घोरणं ही या जातीची खूणच आहे.”

खूण! त्या माणसाला विचारावंसं वाटलं, तुमच्या मुलाला असा श्वास लागला तर ती घराण्याची खूण म्हणाल का? आजोबांना मी काही बोलले नाही. त्यांनी विश्वास ठेवला, एवढंच.

कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, आणि तोही नावापुरता. उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकून. नाकाच्या आत गुंडाळ्यांसारखी नाजूक हाडं असतात, त्यांवर ओलं अस्तर. हवा त्यावरून जाते, ओल उडते, रक्त गार होतं. माठाचंच तत्त्व. आपण बुलडॉगचं तोंड चपटं केलं, पण आतली मऊ टाळू तेवढी आखूड झाली नाही. ती घशात लोंबते. मग धाप वाढली की घसा सुजतो, सूज वाढली की हवा आणखी कमी.

मूळचा बुलडॉग असा नव्हता, हेही सांगते. तो बैलांशी झुंजवला जायचा. १८३५ साली ब्रिटनमध्ये कायद्यानं त्या झुंजी बंद झाल्या, फार चांगलं झालं. पुढे प्रदर्शनं आली, १८७५ मध्ये बुलडॉग क्लब निघाला, आणि कुत्रा कामासाठी नव्हे, दिसण्यासाठी निवडला जाऊ लागला. जुन्या चित्रांत त्याचे पाय लांब दिसतात, तोंडही. त्यावर तासभर बोलता येईल...

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. बरं.

१९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात काही जणांनी इंग्लिश बुलडॉगचा बुलमॅस्टिफ, बॉक्सर आणि स्टॅफर्डशायर बुल टेरियरशी संकर केला. हेतू साधा होता: स्वभाव बुलडॉगचाच, पण तिथल्या उन्हात तग धरणारा कुत्रा. हाच ऑस्ट्रेलियन बुलडॉग. तोंड जरा लांब, नाकपुड्या मोकळ्या, पाय उंच. माणसवेडा, मुलांच्या दंग्यात शांत. एकटा मात्र ठेवू नका, झुरतो. आणि तरीही तो बुलडॉगच आहे. भर दुपारी त्यालाही बाहेर काढायचं नाही.

पिल्लू घेताना जातीच्या नावावर जाऊ नका, आईबाप बघा. दोघांना पाच मिनिटं चालवायला सांगा आणि कान देऊन ऐका. घरघर आली तर परत फिरा. आई नैसर्गिकरीत्या व्याली का, हे विचारा, कारण बुलडॉगमध्ये बहुतेकदा सिझेरियन लागतं. गळपट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा घ्या. वजन वाढू देऊ नका. सुरकुत्या पुसून कोरड्या ठेवा. पोहायला सोडू नका, डोकं जड असतं, बुडतो. आणि उष्माघात झालाच तर आधी पाणी ओतून गार करा, मग गाडीत घाला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते.

भीमचं सांगायचं राहिलं. तो वाचला. नंतर त्याच्या नाकपुड्या आणि टाळूची शस्त्रक्रिया केली. घरी गेल्यावर पहिल्या रात्री घोरणं ऐकू येईना, म्हणून आजोबा दोनदा उठून त्याच्या छातीवर हात ठेवून आले.